तळघरातली डावी वाट

ताईला कुणी "हे काही व्हायचं नाही" असं म्हटलं की तिच्या अंगात दहा जणांचं बळ येतं. हा तिचा जुना रोग आहे आणि त्यावर औषध नाही. लग्नाआधी वडिलांनी हात टेकले, लग्नानंतर नवऱ्याने. ती नोकरी करते त्या लिफ्टच्या कारखान्यातल्या साहेबांनी मात्र या रोगाचा पुरेपूर फायदा करून घेतला. लिफ्टच्या यंत्रात एक बोर्ड असतो. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं आणि कुणाचं बोट मध्ये आलं तर काय करायचं, हे तो ठरवतो. त्या बोर्डाचे प्रोग्रॅम ताई लिहिते. चिमूटभर मेमरीत ढीगभर काम बसवायचं, हा तिचा धंदा. साहेब तिच्या टेबलाशी येऊन खांदे पाडून नुसतं म्हणायचे, "एवढ्याशा चिपमध्ये हे कसलं मावतंय!" की संपलं. ताई जेवायची विसरायची आणि साहेब शिट्टी वाजवत आपल्या खोलीत जायचे.

त्यामुळे एका रविवारी धाकटा तिच्याकडे जेवायला आला आणि हात पुसता पुसता सहज बोलून गेला, "ताई, आपलं तळघर काही आता माझ्या हातून पुरं होत नाही," तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हे तिच्या नवऱ्याने बरोबर ओळखलं. तो मुकाट्याने ताटं उचलून आत गेला.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. पोट सुटलं, कानशिलं पांढरी झाली, तरी घरात तो धाकटाच राहिला. शाळेत भूगोल शिकवतो. फळ्याकडे न बघता खडूच्या एका फटक्यात अख्ख्या खंडाचा नकाशा काढतो आणि पोरं बाकं बडवतात. त्याचे डोळे मात्र काही वर्षांपासून दगा देत होते. नजरेच्या कडा हळूहळू विझत चालल्या होत्या. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही, पाइपातून बघावं तसं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला उपाय नाही. पाइप अरुंद होत जाणार, किती झपाट्याने ते सांगता येत नाही.

आणि तळघर म्हणजे त्यांचा लहानपणचा गेम. त्याला खोक्यावर छापलेलं एक भारदस्त नाव होतं, पण ते घरात कुणी कधी घेतलं नाही. हातात बंदूक धरून अंधाऱ्या बोळांतून धावायचं, राक्षस दिसला की गोळी घालायची, दार सापडलं की पुढच्या लेव्हलला जायचं. वडिलांचा एकच कॉम्प्युटर आणि एकच कीबोर्ड, म्हणून दोघांनी एकच हिरो वाटून घेतला होता. ताई मोठी, म्हणून खुर्ची तिची आणि बाणांची बटणंही तिची. हिरो कुठे जाणार ते ती ठरवणार. धाकटा बाजूला उलट्या बादलीवर, स्पीकरला कान लावून बसायचा. त्याच्याकडे बंदूक आणि दारं. त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये ताईचं डोकं आणि तिच्या दोन वेण्या. तरी त्याची गोळी चुकायची नाही. कशी काय चुकत नाही, असा प्रश्न ताईला कधी पडला नाही, कारण हिरो आपल्यामुळेच जिंकतो याबद्दल तिची पक्की खात्री होती.

शेवटच्या लेव्हलला मात्र घोडं दर वेळी पेंड खायचं. तिथे एक फाटा होता. उजवीकडे उजेड दिसायचा, डावीकडे नुसता काळोख. ताई उजवीकडे वळायची. धाकटा ओरडायचा, "डावीकडे गं, डावीकडे! तिकडे पाणी टपकतंय!" आणि ताई म्हणायची, "तुला काय दिसतंय तिथून?" मग उजवीकडचे सगळे राक्षस मिळून दोघांचा फडशा पाडायचे. पुढे परीक्षा आल्या, नोकऱ्या आल्या, दोघांची दोन घरं झाली. तळघर तसंच अर्धवट राहिलं.

"पुरं होत नाही म्हणजे?" ताईने विचारलं. "तुझ्या घरी कॉम्प्युटर आहे की."

"आहे. पण पडदा केवढा मोठा! मला एका वेळी त्याचा एवढाच तुकडा दिसतो." धाकट्याने मूठ दाखवली. "राक्षस एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या कोपऱ्यात बघतोय. ह्यावर असतं तर गोष्ट वेगळी." त्याने खिशातून आपला जुना कन्सोल काढला. हातात धरून खेळायचा, बटणांवरचा रंग उडालेला, तळहाताएवढा. नोकरीला लागल्यावर हौसेने घेतलेला, तेव्हापासून त्याच्या खिशातच असायचा. "ह्याचा पडदा अख्खाच्या अख्खा माझ्या पाइपात बसतो. पण ह्यावर तळघर कुठलं? हा बिचारा नुसतं नाव ऐकूनच बंद पडेल. नाही व्हायचं ते."

आतून ताट पडल्याचा आवाज आला. तिच्या नवऱ्याने बहुधा कपाळावर हात मारून घेतला असावा.

"कोण म्हणतं नाही व्हायचं?" ताई म्हणाली. "मी बसवते ते ह्यात."

बोलून गेली आणि मग तिला जाणवलं की आपण हे नुसतं शेखी मिरवायला म्हटलेलं नाही. पाइप मिटायच्या आत दोघांनी मिळून त्या शेवटच्या दारातून बाहेर पडायचं, हे तिने त्याच वेळी मनाशी ठरवून टाकलं. तिला भीती वाटली. ती तिने कुणाला सांगितली नाही.

तळघर बनवणाऱ्यांनी त्याचा सगळा सोर्स कोड केव्हाच जगाला खुला करून टाकला होता, त्यामुळे चोरीमारीचा प्रश्न नव्हता. जुन्या यंत्रांवर नसते उद्योग करणारी मंडळी जगभर पसरलेली आहेत. होमब्रू म्हणतात त्याला. कंपनीने न दिलेलं, ज्याने त्याने घरच्या घरी शिजवलेलं. कुणी तळघर मनगटी घड्याळात घातलं होतं, कुणी कॅमेऱ्यात. या कन्सोलच्या वाटेला मात्र कुणी गेलं नव्हतं, कारण त्याचा जीवच लहान. त्याला अपूर्णांक समजत नाहीत. भागाकार सांगितला की तो धापा टाकतो. मेमरी म्हणाल तर आजच्या एका फोटोलाही पुरायची नाही.

"म्हणजे माझ्या लिफ्टसारखाच," ताई म्हणाली आणि पहाटेच्या चहाबरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कामाला बसू लागली.

आता इथे ताईचं कौतुक केलंच पाहिजे. भागाकार नको म्हणून तिने सगळ्या भागाकारांची उत्तरं आधीच काढून कार्ट्रिजमध्ये, म्हणजे कन्सोलात खोचायच्या गेमच्या डबीत, भरून ठेवली. भिंती रंगवताना एक उभी रेघ काढायची आणि तीच शेजारी पुन्हा चिकटवायची, अशी निम्म्या कष्टात पूर्ण भिंत उभी केली. पहिल्यांदा जेव्हा त्या तळहाताएवढ्या पडद्यावर तळघराची विटांची भिंत उभी राहिली, तेव्हा तिने किंकाळी फोडली. नवरा दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून धावत आला.

"भिंत!" ताई म्हणाली.

"भिंत," नवरा म्हणाला. "छान आहे. आपल्याकडे आधीच बऱ्याच आहेत." आणि तो उरलेली दाढी करायला गेला.

पण चित्र अडखळत होतं. हिरो वळला की पडदा गचके खायचा. अर्धी नजर गेलेल्या माणसाला गचके खाणारं चित्र काय उपयोगाचं? म्हणून ताईने यंत्राच्या वेळेतली चोरी शोधायला घेतली आणि तिला चोर सापडला. आवाज. या कन्सोलला प्रत्येक आवाज दुसऱ्यात मिसळायचा तर स्वतः राबावं लागायचं, आणि तेवढ्यात चित्राचं काम मागे पडायचं. ताईने आवाजावर सरळ कात्री चालवली. एका वेळी दोनच आवाज, बाकीचे गप्प. डावा कान, उजवा कान हे लाड बंद. लांबचे आवाज तर टाकूनच दिले. चित्र लोण्यासारखं सरकू लागलं. होमब्रूवाल्यांच्या फोरमवर तिने व्हिडिओ टाकला. लोकांनी तिला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ती आठवडाभर खाली उतरली नाही.

प्रत्येक नवी आवृत्ती कार्ट्रिजमध्ये भरून ती धाकट्याला द्यायची आणि तो संध्याकाळी फोन करायचा.

"ताई, दार उघडल्याचा आवाज कुठून येतोय ते कळत नाही गं."

"ते सोड. चित्र कसं आहे?"

"चित्र? झकास."

"जिने बघितलेस? जिन्यांवर माझा जीव निघालाय. एकेका पायरीची सावली वेगळी काढलीय."

"जिने तर फारच झकास. पण ती पाण्याची टपटप होती बघ, ती गेली."

"अरे बाबा, मी तुझ्यासाठी भिंतीतली वीट न् वीट मोजतेय, आणि तुला टपटप हवीय?"

पुढच्या खेपेला, भिंतीवर आदळल्यावर हिरो हुंकार देत नाही ही तक्रार. त्याच्या पुढच्या खेपेला, राक्षस कण्हतो ते मागे की पुढे हे समजत नाही. ताईने सगळं कानामागे टाकलं. एकदा धाकट्याच्या बायकोने फोन हातात घेतला. "ताई, ह्यांचं जरा ऐका ना," ती म्हणाली. आणखी काहीतरी बोलणार होती, पण मागून धाकट्याचा "दे इकडे" असा आवाज आला आणि विषय बदलला. ताईला वाटलं, नवऱ्याची बाजू घेतेय. घ्यावीच बायकोने.

शेवटी मात्र तिचं डोकं फिरलं. मास्तराला एकदाचं आकड्यांनी गप्प करायचं, असं तिने ठरवलं. लिफ्टच्या बोर्डात बिघाड शोधायची तिची एक पद्धत होती. बाकी सगळं बंद ठेवायचं, एकच काम चालू ठेवायचं आणि ते किती वेळ खातं ते मोजायचं. तसं तिने केलं. मूळ गेममधला आवाज होता तसा पुरा परत घातला, टपटप, हुंकार, डावं-उजवं सगळं. आणि चित्र काढायचं काम पार बंद करून टाकलं. पडदा काळा ठार. ही आवृत्ती कुणी खेळायची नव्हतीच. ती मापाची होती. बघ, तुझे आवाज किती वेळ खातात, असं त्याला दाखवायचं होतं.

तिच्याकडे दोन कार्ट्रिज होत्या, दोन्ही करड्या, दोन्ही कोऱ्या. ताई लेबल लावत नाही. लेबल विसरभोळ्या लोकांसाठी असतं, आपल्या सगळं लक्षात असतं, असं ती म्हणते. कारखान्यातल्या पोरींना यावरून तिने व्याख्यानही दिलंय. रविवारी धाकटा आला तेव्हा तिने टेबलावरची एक कार्ट्रिज उचलून त्याच्या हातात ठेवली.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तो सरळ तिच्या कारखान्यातच हजर झाला. ताई त्याला आत घेऊन आली. चाचणीच्या दालनात भिंतीला लागून लिफ्टची नुसती दारं उभी केलेली असतात. मागे काहीच नसतं, ती उगाच उघडतात आणि मिटतात. त्यांच्यासमोरच्या टेबलाशी धाकटा बसला. चेहरा असा फुललेला, जणू शाळेचा निकाल शंभर टक्के लागलाय.

"ताई, जिंकलीस तू! आत्तापर्यंतचं हे सगळ्यात भारी झालंय. पाणी परत आलं. दार डावीकडे उघडलं की डाव्या कानात वाजतं. राक्षस मागून आला की मागेच वाटतो. अगं, काल शेवटच्या लेव्हलला त्या फाट्यापर्यंत जाऊन आलो! एकटा!"

ताईची छाती फुगली. "आणि चित्र? गचके नाहीत ना?"

"छे! एकदम लोणी."

"दाखव बरं," ताई म्हणाली आणि कन्सोल त्याच्या हातातून घेतला. बटण दाबलं. पडदा काळा. तिने बटण पुन्हा दाबलं. कार्ट्रिज काढून फुंकर मारली, परत बसवली. काळाच. इयरफोन कानात घातला तर आत पाणी टपटपत होतं, दूर कुणीतरी कण्हत होतं, सगळं अगदी जागच्या जागी.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिला हसू फुटलं. "अरे देवा! मी तुला मापाची कार्ट्रिज दिली! ह्यात चित्रच नाही! अरे, तू आठवडाभर नुसता..."

तिने हातातल्या काळ्या पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

समोरचं एक दार उघडलं आणि मिटलं. धाकटा खाली मान घालून पँटवरचा खडू झटकत बसला. तिथे खडू नव्हता.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"सुट्टीच्या आधीपासून," तो म्हणाला. "एकदम नाही गेलं. आधी तुझी वीट गेली, मग भिंत. आता खिडकीतून उजेड आलेला कळतो. माणूस पुढे उभा राहिला तर कुणीतरी आहे एवढं कळतं."

"आणि शाळा?"

"शाळेत मुख्याध्यापकांना माहीत आहे. पोरांनाही. नकाशाला कुठे डोळे लागतात?"

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. फक्त मला नाही."

"तुला कसं सांगू?" धाकटा म्हणाला. "तू इतकी खुशीत होतीस. रोज फोनवर जिने सांगायचीस, सावल्या सांगायचीस. आपण दोघं इतकं कधी बोललो होतो गं, तुझं लग्न झाल्यापासून? मला वाटलं, हे झालं की फोन बंद होणार. म्हटलं, चालू दे."

ताईला रडू आलं. आणि ताईला रडू आलं की तिला राग येतो. "गाढवा!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या टेबलावरच्या दोघी उठून उभ्या राहिल्या. "टपटप गेली म्हणून तू किती महिने रडत होतास, आणि मी तुला जिने ऐकवत बसले! एकदा म्हणायचं होतंस ना, की ताई, मला दिसत नाही!"

"लहानपणी तरी कुठे दिसत होतं?" धाकटा म्हणाला. "मध्ये तुझं डोकं असायचं. मी तळघर कानानेच खेळलोय, ताई. पहिल्यापासून."

उलटी बादली, स्पीकर, कधीही न चुकणारी गोळी, सगळं तिच्यासमोर आलं. ती त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि त्याचा हात धरून ठेवला. लाज वाटली तिला, खूप वाटली. पलीकडच्या दोघी आपल्या पडद्यांत पुन्हा डोकं घालून कामात असल्याचं दाखवू लागल्या.

निघताना ती त्याला पोचवायला लिफ्टपाशी आली. दारांच्या वर लाल बाण ठसठशीत पेटला होता. धाकट्याने वर बघितलंसुद्धा नाही. टिंग, असं एकदा वाजलं, दार उघडलं, तो जागचा हलला नाही. ती लिफ्ट वर जाणारी होती. मग पलीकडे टिंग टिंग, दोनदा वाजलं आणि तो बरोबर त्या दाराकडे वळून आत गेला. ज्यांना बाण दिसत नाही त्यांच्यासाठी वर जाताना एकदा आणि खाली जाताना दोनदा वाजवायचं, हा नियम त्या बोर्डात ताईनेच लिहिला होता. त्याच्या चाचणीला अंध माणसं बोलावली होती, त्यांच्या बोलण्यावरून आवाज आठ वेळा बदलला होता. परक्यांचं एवढं ऐकलं. ताई बंद दारासमोर उभी राहिली आणि तिने स्वतःला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या घातल्या. शिव्या संपल्यावर तिला बरं वाटलं आणि लगेच डोकं चालू झालं. चित्र नसेल तर यंत्राचा केवढा वेळ मोकळा होईल!

शनिवारी सकाळी तिने चित्र पुसायला घेतलं. नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा राहिला.

"सगळं?" त्याने विचारलं. "जिनेसुद्धा?"

"जिने गेले खड्ड्यात."

भिंती गेल्या, सावल्या गेल्या, राक्षसांची थोबाडं गेली, सुरुवातीची पाटी गेली. चित्र म्हणून जे काही होतं त्या सगळ्यावर तिने एका दमात बोळा फिरवला. मोकळ्या झालेल्या जागेत आवाज भरले. भिंत जवळ आली की पावलांचा आवाज बदलेल, मोठ्या खोलीत तो घुमेल, बोळात दबून जाईल, असं सगळं नव्याने लिहिलं. फोरमवर तिने कळवून टाकलं की चित्र काढून टाकलंय. एकाने हळहळून विचारलं, मग उरलं काय? ताईने उत्तर दिलं, "गेम."

मग तिने दुसरा एक कन्सोल मिळवला आणि दोघांमध्ये केबल टाकली. हिरो एकच, हात दोघांचे, अगदी कीबोर्डवर होतं तसं. एकाकडे चालणं, दुसऱ्याकडे बंदूक आणि दारं. दोन्ही यंत्रांनी पाऊल बरोबर टाकायला हवं, एकही पुढेमागे होता कामा नये, म्हणून दोघांना आवृत्ती तीच. म्हणजे ताईचाही पडदा काळा.

"तुझ्यावर चित्र ठेवलं असतंस तरी चाललं असतं," काही आठवड्यांनी एका रविवारी सोफ्यावर बसताना धाकटा म्हणाला.

"नाही चालत. ताल चुकतो," ताई म्हणाली. हे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. आणि नसतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

सवयीने तिने बाण स्वतःकडे घेतले. शेवटची लेव्हल सुरू झाली. ताई निघाली आणि भिंतीवर आदळली. हुं, असा हिरोने हुंकार दिला. वळली आणि दुसऱ्या भिंतीवर आदळली. हुं. मागून कुणीतरी कण्हलं, धाकट्याने गोळी झाडली, पण ताईने तोवर हिरोचं तोंड भलतीकडेच फिरवलं होतं. मेले. पुन्हा सुरू केलं. हुं, हुं, हुं, मेले. ज्या तळघराची वीट न् वीट तिने मोजली होती, त्यात तिला चार पावलं धड टाकता येईनात.

"भिंतींना टेंगळं आली असतील," तिचा नवरा दारातून म्हणाला.

"तुम्ही चहाचं बघा हो!"

"ताई," धाकटा म्हणाला, "बाण मला देतेस?"

तो हे इतक्या हळू म्हणाला की जणू अजून बादलीवरच बसलाय. ताईला कळलं की एवढ्या वर्षांत त्याने हे मागितलं नव्हतं, आणि मागितलं असतं तर तिने दिलं नसतं. तिने कन्सोल बदलून घेतला. "घे. बंदूक माझ्याकडे. पण बघ हं, मी मोठी आहे, मला ओरडायचं नाही."

धाकट्याने खेळ सुरू केला आणि ताई चाट पडली. हुंकार नाही, धडपड नाही. पावलं बोळातून दबक्या आवाजात गेली, खोलीत शिरल्यावर घुमली, पुन्हा दबली. धाकटा मान जराशी वाकडी करून बसला होता, लहानपणी स्पीकरला कान लावून बसायचा तसाच. "थांब. डावीकडे कण्हतोय. आता समोर घेतो. मार!" ताईने मारलं. काहीतरी धप्पकन पडलं. "दार आहे पुढे. उघड." ताईने उघडलं. "मार! अजून एक! शाब्बास, ताई!" धाकट्या भावाने शाब्बास म्हटलेलं ताईला इतकं आवडेल असं कुणी तिला सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

मग पावलं थांबली. "आला फाटा," धाकटा म्हणाला. "बोला मोठ्या बाई. कुठे जायचं?"

ताईने कान दिला. उजवीकडे शांत होतं, कुणीतरी श्वास रोखून बसावं तसं. डावीकडे, दूर, एकेक थेंब पडत होता.

"उजवीकडे उजेड आहे ना रे?" ती म्हणाली, आणि दोघंही इतके हसले की त्या भरात मरायचेच बाकी राहिले.

धाकटा डावीकडे वळला. टपटप जवळ आली, पायाखाली पाणी चुबूक चुबूक वाजलं, मागे पडलं. पुढे जो कण्हला तो याआधी दोघांनी कधी ऐकलेला नव्हता. त्याच्या पायांनी जमीन हादरत होती. धाकटा त्याच्याभोवती फिरत राहिला, ताई मारत राहिली. अंगठा दुखायला लागला तरी मारत राहिली. एकदाचा तो कोसळला. "दार," धाकटा म्हणाला. "उघड, ताई."

तिने बटण दाबलं. कर्र करून एक जड दार सरकलं आणि पावलं थांबली. गेम संपला होता.

मग धाकट्याने तिच्याकडे तोंड वळवलं. "काय दिसतंय गं? शेवटी काहीतरी चित्र असणार ना? सांग की."

ताईने पडद्याकडे बघितलं. पडदा काळा. त्या शनिवारी तिने सगळ्या चित्रांवर बोळा फिरवला होता, त्यात शेवटचंही गेलं होतं. पुसण्याआधी ते एकदा उघडून बघावं, हे तिला सुचलंसुद्धा नव्हतं. कारण तिथपर्यंत आपण पोचू असं, सगळी फुशारकी बाजूला ठेवली तर, तिला कधी खरं वाटलं नव्हतं. तिला वाटलं, थाप मारावी. आकाश आहे, डोंगर आहेत, असं काहीतरी सांगावं.

"काही दिसत नाही रे," ती म्हणाली. "ते चित्र मीच काढून टाकलं. न बघता."

"म्हणजे काय होतं ते तुलाही माहीत नाही?"

"नाही."

धाकटा पोट धरून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग एकदम थांबला आणि त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. "श्श. ऐक."

इयरफोनमध्ये वारा होता. पाण्याची टपटप नाही, कण्हणं नाही, पावलांचा घुमणारा आवाज नाही. नुसता वारा, आणि तो कुठल्याच भिंतीवर आपटत नव्हता.

"बाहेर आलोय आपण," धाकटा म्हणाला.

ताईला हुंदका आला आणि या वेळी तिला राग आला नाही.

"संपलं का तुमचं?" नवऱ्याने आतून हाक मारली. "चहा गार होतोय."

"थांबा!" दोघं एकदम म्हणाले.